मुलीच्या बापाचं पोट

मुलगी बघायला माणसं येणार असली की मुलीनं काय नेसावं यावर घरात चर्चा होते, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे मुलीच्या बापानं काय घालावं यावर चर्चा झाली. ती आधी घरात झाली, मग कचेरीत, मग शेजारी, आणि शेवटी एका सहकारी संघाच्या कार्यालयात माझ्या कमरेचा घेर मोठ्यानं वाचून दाखवण्यापर्यंत गेली. तंजावुरात आजही काही माणसं भेटली की आधी खाली बघतात आणि मग नमस्कार करतात. म्हणून म्हटलं, झालं ते एकदा नीट सांगून टाकावं.

सुरुवात व्यंकटरमणानं केली. कुंभकोणापासून मद्रासपर्यंत पांगलेल्या आमच्या मराठी घरांमध्ये लग्नं जुळवण्याचं काम हा गृहस्थ हौसेनं करतो. त्याची एक पद्धत आहे. चांगली बातमी तो कॉफी यायच्या आधी सांगतो आणि वाईट बातमी लोटा रिकामा झाल्यावर. त्या दिवशी त्यानं कॉफी दोनदा मागितली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. (आमच्या तंजावुरी बोलीत अस्कं म्हणजे सगळं, बेस म्हणजे छान आणि होणा म्हणजे हवं.)

"सत्यनारायणा," तो म्हणाला, "जातक जुळलं. भुवनाचा फोटो बेस आहे म्हणाले. अस्कं बेस. एकच विषय आहे. मुलाची अम्मा सीतालक्ष्मी विचारती, मुलीचा बाप अंगानं कसा? उभा असला की कसा दिसतो, बसला की कसा?"

"बाप? मुलगी मी आहे काय?"

"तसं नव्हे रे. त्यांची थोरली सून आली तेव्हा काडीसारखी होती. दोन वर्षांत दार पुरेना तिला. मग पाहतात तों काय, सुनेचा बाप असाच! तेव्हापासून सीतालक्ष्मी पहिलं बापाला पाहती. आणि आपली भुवना तुझ्याच वळणाची की नाही?"

वळणाबद्दल वाद घालण्यात अर्थ नव्हता. भुवनेश्वरीचं नाक माझं, कान माझे, रागावल्यावर भुवई वर जाते तीही माझी. पोट तेवढं अजून तिच्याकडे गेलेलं नव्हतं.

"मग तू काय सांगितलास?"

"मी सांगितलों, मध्यम." एवढं बोलून व्यंकटरमणानं चप्पल घातली. येत्या रविवारी मंडळी येणार, हे त्यानं फाटकाबाहेरून सांगितलं.

आता माझ्या पोटाबद्दल थोडं सांगायला हवं. हे पोट मी कमावलेलं नाही, वडिलोपार्जित आहे. पापनाशमला माझ्या वडिलांना हेच पोट होतं, आणि जेवून उठल्यावर त्यावर हलकेच दोन थापा मारायची त्यांची सवयही माझ्याकडे तशीच आली आहे. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत मी हेडक्लार्क. टेबलाच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला शेतकरी अशी माझी सगळी नोकरी गेली, आणि टेबल उंच असल्यामुळे हा विषय कधी चर्चेला आला नव्हता. तमिळमध्ये याला तोप्पै म्हणतात. त्या शब्दात एक प्रकारची माया आहे. पण सीतालक्ष्मीबाईंना माया नको होती, माप हवं होतं.

भुवनाला मी म्हणालो, "हा मुलगा नको तर दुसरा पाहू. बेंगळूरला एक इंजिनियर आहे."

ती भांडी पुसत होती. तिनं भुवई वर नेली. कुंभकोणच्या एका लग्नात हा मुलगा, गणेशकुमार, पंक्तीत वाढायला होता आणि तिच्याशी बोलता बोलता त्यानं शेजारच्या म्हाताऱ्याच्या पायसात सांबार ओतलं होतं. मग त्या म्हाताऱ्याची माफी मागून, स्वतः पान उचलून, नवं मांडून सगळं पहिल्यापासून वाढलं होतं. एवढ्यावर माझ्या मुलीनं निर्णय घेतला होता. इंजिनियर, बँकवाले, अमेरिकेचे अशा कित्येकांना "तोंड पाहिलं की झोप येती" म्हणून परत पाठवणारी मुलगी मला म्हणाली, "अप्पा, मला हाच होणा. दुसरं कोणी पाहू नका."

म्हणजे माझ्या मुलीच्या आणि तिच्या मनातल्या मुलाच्या मध्ये या जगात एकच गोष्ट आडवी येत होती, आणि ती मी रोज सदऱ्याखाली घेऊन फिरत होतो. त्या रात्री जेवल्यावर मी थापा मारल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी हे सुब्रमण्यमला सांगितलं. सुब्रमण्यम माझ्या शेजारच्या टेबलाशी बसतो. अंगानं इतका बारीक की पंखा जोरात लावला तर त्याला कागदांबरोबर दाबून ठेवावा लागेल. पण जगात काय चाललंय ते त्याला सगळं ठाऊक असतं. त्यानं खणातून एक गुळगुळीत इंग्रजी मासिक काढलं. देश नुकताच खुला झाला होता आणि त्याबरोबर पुरुषांचे आकारही खुले झाले होते. मासिकात चार पानं भरून पुरुष उभे होते आणि प्रत्येकाला भूमितीत बसवलं होतं. कोणी त्रिकोण, कोणी उलटा त्रिकोण, कोणी आयत. प्रत्येक आकारानं काय घालावं, काय घालू नये, सगळं लिहिलं होतं.

"मी कोणता?" मी विचारलं.

सुब्रमण्यमनं मला खिडकीशी उभं केलं, बाजूनं बघितलं, समोरून बघितलं. मग शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथं लंबवर्तुळ होतं. लंबवर्तुळानं उभ्या रेघांचा शर्ट घालावा. शर्ट आणि पँट दोन्ही गडद रंगाचे असावेत. खिशात काही ठेवू नये. पट्टा रुंद नसावा. पँटीला पुढं चुण्या नसाव्यात. आणि मधल्या भागाकडे लक्ष जाईल असं काहीही करू नये.

"थापा बंद," सुब्रमण्यम म्हणाला.

मासिकात सगळं होतं, पण पँट पोटाच्या वर बांधावी की खाली, हे स्पष्ट नव्हतं. या प्रश्नावर कचेरीत दोन पक्ष पडले. वरच्या पक्षाचं म्हणणं होतं की पोट पँटीत गेलं म्हणजे ते पँटीचं झालं, माणसाचं राहत नाही. खालच्या पक्षाचं म्हणणं होतं की वर बांधली तर पँट काखेपर्यंत येईल आणि माणूस पिशवीत घालून आणल्यासारखा वाटेल. कालव्याच्या पाळ्यांची फाईल तीन टेबलांवर तशीच पडून राहिली. साहेब बाहेर आले, काय चाललंय म्हणून विचारलं आणि जाताना म्हणाले, "वर." साहेबांचं पोट आमच्या सगळ्यांपेक्षा मोठं, त्यामुळे अनुभवाचा मान ठेवून मी वरच्या पक्षात गेलो.

मणीचं शिवणकामाचं दुकान दक्षिण वीथीजवळ, एका व्यापारी सहकारी संघाच्या इमारतीत. दुकानापेक्षा दुकानावरची पाटी मोठी. मणीला मी मासिकाचं पान दाखवलं. ते त्यानं उलटं धरून बघितलं आणि परत दिलं.

"सार, आता बॅगी पँट. पुढं चार चुण्या. मद्रासमध्ये अस्के हेच घालतात."

"चुण्या नकोत असं यात लिहिलंय."

"हे लिहिणारा पँट शिवतो काय?"

बराच वेळ घासाघीस होऊन दोन चुण्यांवर तडजोड झाली. मग त्यानं टेप काढली. इथं जे झालं ते कोणत्याही पुरुषाच्या हातून झालं असतं, असं मला अजून वाटतं. मणीची टेप कमरेभोवती आली आणि त्याच वेळी शेजारच्या दुकानातल्या दोन कॉलेजच्या मुली इकडे बघू लागल्या. मी श्वास आत घेतला. ठरवून घेतला नाही, तो आपोआप गेला. मणीनं "बेचाळीस" असं ओरडून सांगितलं. माझ्या कमरेबद्दल हा आकडा मी शेवटचा कधी ऐकला होता ते मला आठवत नव्हतं. इतका आनंद झाला की मी दुरुस्ती केली नाही.

शुक्रवारी कपडे आणायला गेलो तर दुकानाला टाळं, टाळ्याला फडकं आणि फडक्याला लाख. मणी समोरच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. त्याची पाटी संघाच्या स्वतःच्या पाटीपेक्षा हातभर लांब निघाली होती. कमी कर म्हणून संघानं अनेकदा सांगितलं, यानं केली नाही. शेवटी संघानं दुकानच मोहोरबंद केलं.

"माझी पँट?"

"आत आहे सार. शर्टही आत आहे. काज तेवढं राहिलंय."

मी संघाच्या कार्यालयात गेलो. सचिव राजगोपाल म्हणून एक शांत, गोड आणि अतिशय धोकादायक गृहस्थ होते. त्यांनी मला बसवलं, माझी अडचण ऐकून घेतली आणि म्हणाले, "आत कोणाचं काय आहे ते संघाला कसं कळणार? अर्ज द्या. वस्तूचं वर्णन द्या."

वर्णन नाही म्हणून दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवण्यात माझी उभी नोकरी गेली. तरी मी लिहिलं, 'निळी पँट, एक. रेघांचा शर्ट, एक.' राजगोपाल म्हणाले, आत निळ्या पँटी पुष्कळ असतील, ओळखण्याची खूण काय? मी लिहिलं, 'कमर बेचाळीस इंच.' त्यांनी कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा कागद वाचला.

"वर्णन अर्जदाराशी जुळत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"वाईट वाटून घेऊ नका. उद्या खरा बेचाळीसवाला आला तर मी काय उत्तर देऊ?"

मी आयुष्यात साहेबांसमोर, आमदारांसमोर, पूर आलेला असताना जिल्हाधिकाऱ्यांसमोर मान खाली घातली नाही. तिथं घातली. हळू आवाजात सांगितलं की माप देताना मी श्वास आत घेतला होता.

"ठीक. तसं लिहून द्या."

टाइप करणाऱ्या बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. माझा मजकूर त्यांच्याकडे गेला. माझं अक्षर त्यांना लागेना, म्हणून टाइप करता करता त्यांनी तो मोठ्यानं वाचून खात्री करून घेतली. "सदर माप अर्जदारानं श्वास रोखून धरला असताना घेतलेलं आहे. बरोबर आहे ना सार? रोखून की कोंडून?" बाहेर भाडं भरायला आलेल्या दुकानदारांची रांग होती. ती रांग आत वळून बघू लागली.

शनिवारी दोन पंचांसमक्ष मोहोर फोडली गेली. मणीनं माझी पँट आणि काज पुरं करून शर्ट बाहेर आणला. पंचांना नीट दिसावी म्हणून संघाच्या शिपायानं पँट कमरेशी पकडून वर धरली. मग एका पंचानं ती माझ्या कमरेशी लावून बघितली. ती माझी आहे यावर त्या दोघांचा मुळीच विश्वास बसला नव्हता हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मी मात्र दोन्ही कपडे काखोटीला मारून निघालो. दुकान पुन्हा बंद झालं.

घरी येऊन पँट चढवली आणि व्हायचं तेच झालं. बेचाळीसची पँट बेचाळीसची होती आणि मी नव्हतो. हुक आणि त्याची काडी यांच्यामध्ये चांगलं वीतभर अंतर राहिलं. शर्टाची गंमत वेगळीच. उभ्या रेघा छातीपर्यंत सरळ येत आणि पोटावर आल्या की कल्लणैच्या बंधाऱ्याजवळ कावेरी फुटते तशा दोन्ही बाजूंनी निघून जात. शांभवी, म्हणजे माझी बायको, दाराशी उभी राहून बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला होता.

"हसू नको."

"हसत नाही हो. उद्या वेष्टी नेसा की. तुम्हाला वेष्टी बेस दिसती. लागलीच तर म्हणून धुऊन ठेवलें आहे मी."

"धोतरासारख्या वेष्टीनं पोट झाकतं काय? त्या सीतालक्ष्मीबाईला माप होणा. तुला कळत नाही."

एवढ्यात शेजारच्या अलमेलु मामी विरजण मागायला आल्या. मामींना विरजणाच्या निमित्तानं आमच्या घरातलं सगळं कळतं. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "यात काय आहे? माझी चार बाळंतपणं झाली. दर वेळी माझ्या आईनं पोट बांधलं. जुनं मऊ लुगडं घ्यायचं, घट्ट गुंडाळायचं, पोट जागेवर जातं."

"मामी, मी बाळंत झालेलो नाही."

"पोटाला काय कळतंय ते?" मामी म्हणाल्या.

पुढचं सगळं या एका वाक्यामुळे झालं. रविवारी दुपारी शांभवीचं पोपटी रंगाचं जुनं नऊवारी लुगडं काढण्यात आलं. मामींनी एक टोक माझ्या बरगडीशी दाबलं आणि मला गोल फिरायला सांगितलं. मी फिरत गेलो, मामी ओढत गेल्या. लुगडं संपलं तेव्हा मामींनी पाठीमागं सुई-दोऱ्यानं चार टाके घातले, सुटायला नको म्हणून. पँटीचा हुक लागला! आरशात बघितलं तर रेघा सरळ होत्या. मी आयत झालो होतो. श्वास अर्धाच येत होता, पण आयताला पुरा श्वास कशाला हवा?

भुवना दारातून बघत होती. मला वाटलं, तिला बरं वाटलं असेल.

मंडळी आली. गणेशकुमार, त्याची आई सीतालक्ष्मी आणि त्याचे आजोबा सूर्यनारायण राव. मुलाला वडील नव्हते, घरात सगळं आजोबांच्या शब्दानं चाले. ऐंशी ओलांडलेले, काठीसारखे ताठ आणि कानानं थोडे जड. माझं नाव विचारलं. आमच्या मुलखात वडिलांचं नाव आद्याक्षरात लपलेलं असतं, तेव्हा मी आर. सत्यनारायण राव एवढंच सांगितलं.

"बसा," मी म्हणालो.

"तूं बस पहिलं," आजोबा म्हणाले.

मला बसता येणार नाही, हे तोपर्यंत माझ्याच लक्षात आलं नव्हतं. गुडघा वाकवला की पँटीतून बारीक आवाज येत होता. मी म्हणालो, "मी उभाच बरा."

"मुलीचा बाप उभा असतां मी कसा बसूं?" आजोबा म्हणाले आणि काठी टेकून उभे राहिले. आजोबा उभे म्हणून सीतालक्ष्मीबाई उभ्या, त्या उभ्या म्हणून गणेशकुमार उभा. व्यंकटरमण बसला होता, तोही उठला. आमच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या आणि सगळी माणसं हातात केसरी शिऱ्याच्या आणि बज्जीच्या बशा घेऊन उभी, असा तो कार्यक्रम बसस्टँडवर असल्यासारखा चालला. भुवना कॉफी घेऊन आली, तिनं सगळ्यांकडे बघितलं आणि तीही उभी राहिली. मला केसरीचा एक घासही जाईना, जागाच नव्हती.

पण मला पर्वा नव्हती. सीतालक्ष्मीबाई माझ्याकडे बघत होत्या. वरून खाली, खालून वर, बाजूनं. मग त्या व्यंकटरमणाच्या कानाशी झुकल्या आणि जे बोलल्या ते मी स्पष्ट ऐकलं. "मध्यम कशाला म्हणालांत? बारीकच आहेत की!"

आयुष्यात मला बारीक म्हणणारी ती पहिली बाई. मी त्यांना आणखी बज्जी वाढायला सांगितलं.

इथंच सगळं संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण आजोबांनी भुवनाला दोन प्रश्न विचारले, तिनं दोन्हींची सरळ उत्तरं दिली, आणि आजोबा खूश झाले. काठी आपटून म्हणाले, "मला मुलगी पसंत. उद्या आडी महिना लागतो, मग महिनाभर काही करतां येणार नाही. आज दिवस बेस आहे. लग्न ठरल्याचं तांबूल आत्तांच बदलूं. शर्ट काढ, वेष्टी नेस, ये बस."

मी हेडक्लार्क. पंचांगाचं पान माझ्या टेबलामागे भिंतीवर टांगलेलं असतं. मला मासिकातला प्रत्येक आकार पाठ झाला होता आणि आडी मात्र आठवला नव्हता.

"शर्टावरच केलं तर?" मी म्हणालो.

"शर्ट घालून तांबूल? आपल्यांत कोण करतं असं?"

मी आतल्या खोलीत गेलो. आतल्या खोलीला दार नाही, पडदा आहे. शांभवी वेष्टी घेऊन आलीच होती. पँट उतरली, शर्ट उतरला, वेष्टी गुंडाळली. राहिलं लुगडं. अलमेलु मामींनी दातांनी टाके तोडले, टोक हातात घेतलं आणि म्हणाल्या, "फिरा."

मी फिरलो. लुगडं बांधताना माणूस दमानं फिरतो, सोडताना फिरवला जातो, हा फरक मला तेव्हा कळला. मामींना घाई होती. खोली लहान, मी उपाशी. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला मला भिंती दिसेनाशा झाल्या. "मामी, पुरे, पोदुम!" मी ओरडलो. मामी ओढतच होत्या. मग माझ्या अंगाला पडदा लागला, पडद्याची दांडी खाली आली, आणि मी गरगरत बाहेर हॉलमध्ये, मंडळींच्या मधोमध पोहोचलो. मागं पोपटी लुगडं, लुगड्याच्या टोकाला अलमेलु मामी. शेवटचा वेढा तिथंच सुटला. पोट बाहेर आलं. दुपारपासून कोंडलेलं, ते जरा जोरातच आलं.

सीतालक्ष्मीबाईंच्या हातातली बज्जी तोंडापाशी थांबली होती. व्यंकटरमण दाराकडे बघत होता, चप्पल किती लांब आहे ते. भुवना भिंतीशी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या मुलीचं लग्न मी मोडलं, ही एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. काय करावं ते कळेना, हातांना तर मुळीच कळेना. त्यांनी लहानपणापासून केलं तेच केलं. पोटावर हलकेच दोन थापा मारल्या.

"थांब," आजोबा म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, पंच्यानं पुसला आणि पुन्हा लावला. मग जवळ आले.

"परत मार."

"काय?"

"थाप. परत मार पाहूं."

मी मारल्या.

"पापनाशम," आजोबा म्हणाले. "रघुपती राव. तूं रघुपती रावाचा मुलगा!"

"हो. तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी पापनाशमला शाळेंत होतों. बाप नव्हता. वार लावून जेवत होतों, रोज एका घरीं. गुरुवार तुमच्या घरीं. तुझा बाप हातानं वाढायचा. पोर जेवून उठलं की अशा दोन थापा मारून विचारायचा, आतां माझ्यासारखं जाहलं काय? नाही म्हटलं तर परत बसवायचा." म्हाताऱ्यानं काठी खुर्चीला टेकवली. "बाकी अस्के घरीं मला पातळ ताक मिळायचं. त्या माणसानं कधी पातळ ताक वाढलं नाही मला. आणि तूं हें झांकून ठेवलास काय रे? हें तर तुझ्या घराचं नांव आहे!"

ते पुढं आले आणि माझा हात धरला. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि कोणीतरी त्यांना माझ्या अंगावर ओळखलं होतं.

सीतालक्ष्मीबाईंनी बज्जी खाली ठेवली. "म्हणजे मामंजी, हें घराण्यांतच आहे?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"घराण्यांत आहे म्हणूनच मी आज तुमच्यासमोर जिवंत उभा आहें," आजोबा म्हणाले. "आतां बसा अस्के!"

सगळे बसले. मीही बसलो, वेष्टीत, ऐसपैस. इतका वेळ गणेशकुमार काय करत होता ते मी पाहिलं नव्हतं. तो हॉलभर पसरलेलं लुगडं गोळा करत होता. त्यानं ते काठाला काठ लावून नीट घडी घातलं आणि दोन्ही हातांनी शांभवीला दिलं. हसला नाही, एकदाही नाही. मला त्या क्षणी माझ्या मुलीच्या पारखीचा फार अभिमान वाटला.

तांबूल झालं, मंडळी गेली. मी भुवनाला म्हणालो, "तू रडत होतीस. मी लाज आणलों तुला."

"तुमची लाज कशाला?" ती म्हणाली. "दुपारपासून तुम्हाला श्वास येत नव्हता अप्पा, मी पाहत होतें. म्हणून रडलें. लहानपणी त्या पोटावर झोपत होतें मी. ती काय लपवायची वस्तू आहे?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शांभवीनं माझ्यासमोर सकाळची सगळी केसरी आणून ठेवली. ती मी संपवली, आणि थापा मारल्या.

लग्न थाटात झालं. दोन्ही दिवस मी उघड्या अंगानं, पंचा खांद्यावर टाकून वावरलो. फोटोवाला म्हणाला, सार, थोडं आत घ्या. आजोबांनी त्याला काठी दाखवली.

ती निळी पँट ट्रंकेत पडून होती. परवा मद्रासहून फोन आला, आमच्या विहीणबाई सीतालक्ष्मींचा. इकडचं तिकडचं बोलल्या. मग आवाज उतरला. "संबंधी, तुमची भुवना आहे तशीच आहे हो, काडी. पण आमचा गणेश! तुमच्याकडची रीत म्हणून ती रोज समोर बसून वाढती, आणि पुरे म्हटलं की परत वाढती. एका वर्षांत जुना एक शर्ट अंगाला होत नाही त्याला. ऑफिसांत मोठे साहेब येणार आहेत. तुमच्यापाशी तें मासिकाचं पान होतं म्हणे? ती पँटही आहे म्हणे?"

मी खुर्चीत नीट रेलून बसलो. शांभवीला हातानं गप्प राहायला सांगितलं.

"आहे की," मी म्हणालो. "लगेच पाठवतों. फक्त एक सांगा संबंधी अम्मा, मुलगा अंगानं कसा आहे? उभा असला की कसा दिसतो, बसला की कसा?"